विंगेत राहिलेलं काम

आपल्या नाटकातली माणसं कामावरून येतात किंवा कामाला निघतात. काम करताना मात्र ती क्वचितच दिसतात. दार उघडतं, बॅग टेबलावर पडते, पाण्याचा पेला समोर येतो आणि मग नाटक सुरू होतं. दिवसाचे आठ-दहा तास ज्यात गेले, ज्यानं त्या माणसाची पाठ, बोलण्याची पट्टी, झोप आणि राग घडवला, ते सगळं विंगेत राहतं. तेंडुलकरांच्या १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये तर धंदा थेट नावात आहे. छापखान्यात बाइंडिंग करणारा सखाराम हा मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत जिवंत कामगारांपैकी एक. तरी त्याची सुई, दोरा, खळ आपल्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते त्याचं घर आणि त्या घरात आलेल्या दोन बायका. त्या नाटकाला घरच हवं होतं, त्यात काही उणं नाही. उणीव आहे ती नंतरच्या अर्ध्या शतकातली. सखारामचा छापखानाही रंगमंचावर आणावा, तिथेही नाटक घडत असेल, असं फारसं कुणाला वाटलं नाही.

मला वाटतं, आता ते घडवायला हवं, आणि एका नाटकानं ते भागणार नाही. मराठीतल्या एखाद्या नाट्यसंस्थेनं एक सबंध वर्ष कष्टकऱ्यांच्या कामावरच्या नव्या नाटकांना द्यावं. पाच-सहा संहिता मुद्दाम लिहवून घ्याव्यात, एकाच नटसंचानं त्या बसवाव्यात आणि आलटून पालटून त्यांचे प्रयोग लावावेत.

हंगामाचा आग्रह का, ते आधी सांगतो. कष्टकऱ्यांवरचं एखाददुसरं नाटक आपल्याकडे अधूनमधून होतंच, आणि दरवेळी त्याच्यावर एक विचित्र ओझं पडतं. त्यातल्या एकट्या कामगाराला सगळ्या कामगारांच्या वतीनं उभं राहावं लागतं. तो लबाड असून चालत नाही. असला तर कामगारांची बदनामी केली म्हणतात. तो फार हसला तर दुःख हलकं केलं म्हणतात. मालकाशी त्याचं जमत असेल तर लेखकाची बाजू कोणती, असा सवाल येतो. अशा ओझ्याखाली माणूस उरत नाही, नमुना उरतो. सहा नाटकं शेजारीशेजारी आली की हा भार वाटला जातो. एखाद्यातला हमाल कंजूष असू शकतो, दुसऱ्यातली नर्स कामात वाकबगार पण कठोर असू शकते, तिसऱ्यातला मुकादम कळवळ्याचा असून लुटणारा असू शकतो. प्रेक्षक एका नाटकातून दुसऱ्यात जाताना तुलना करायला लागतो: ह्याचा पगार महिन्याचा, तिचा दिवसाचा, त्याचा नगावर. ही तुलना हाच हंगामाचा खरा विषय. ती कुठल्याही एका संहितेत लिहिता येत नाही.

असा प्रयत्न झालेला आहे, आणि तोही गिरण्यांच्या गावात. अ‍ॅनी हॉर्निमन या चहाच्या मोठ्या व्यापारी घराण्यातल्या. डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरला त्यांनी आधी पैसा पुरवला होता. १९०८ मध्ये त्यांनी मँचेस्टरचं गेटी थिएटर विकत घेतलं, नटांची कायमची कंपनी उभी केली आणि लँकेशायरच्या लेखकांनी आपल्या भागावर लिहावं असं आवाहन केलं. आलेल्या संहिता वाचण्याची जबाबदारी घेतली आणि ती पाळली. १९१७ मध्ये कंपनी विसर्जित होईपर्यंत दोनशेहून अधिक नाटकं झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक नवी होती. सगळी कामगारांवरची होती असं अजिबात नाही. दुकानदार, कारकून, गिरणीमालक सगळे त्यांत होते. लेखक कोण होते हे मात्र पाहण्यासारखं आहे. स्टॅन्ली हाउटन वडिलांच्या कापसाच्या पेढीत काम करत होता, हॅरोल्ड ब्रिगहाउस कापडाच्या व्यापारात होता. गिरणीचं गणित या दोघांना ठाऊक होतं. सूत कुठून येतं, भाव कशानं पडतो, कुणाची बढती कुणामुळे अडते हे ते रोज पाहत होते.

हाउटनचं ‘हिंडल वेक्स’ १९१२ मध्ये हॉर्निमन यांच्या कंपनीनं प्रथम लंडनमध्ये केलं. गिरण्यांच्या वार्षिक सुट्टीच्या आठवड्यात साच्यावर काम करणारी फॅनी गिरणीमालकाच्या मुलाबरोबर समुद्रकाठच्या गावी जाऊन राहते. घरी कळतं. दोन्ही घरचे वडीलधारे बसतात, वाद होतात, आणि शेवटी लग्नच लावून द्यावं असं ठरतं. फॅनीला कुणी विचारलेलंच नसतं. तिला विचारलं जातं तेव्हा ती लग्न नाकारते. तो तिच्यासाठी चार दिवसांची मजा होता, तसा तीही त्याच्यासाठी होती, एवढंच तिचं म्हणणं. आई घराबाहेर काढील, तर ती बाहेर पडायला तयार आहे, कारण विणकाम तिच्या हातात आहे आणि लँकेशायरमध्ये साचे चालू आहेत तोवर तिला कुणाच्या दारात उभं राहायचं कारण नाही. त्या काळात या नाटकानं केवढा गदारोळ उडवला! पण आज मला त्यातलं धाडस वेगळ्या जागी दिसतं. तिच्या नकाराला आधार आहे तो तिच्या मजुरीचा. इब्सेनची नोरा घर सोडून जाते तेव्हा बाहेर जाऊन ती खाणार काय, ही काळजी प्रेक्षकाला लागून राहते. फॅनीच्या बाबतीत ती लागत नाही, कारण तिचा धंदा नाटकाच्या रचनेतच बसवलेला आहे. हे नाटक सबंध दोन घरांतल्या खोल्यांत घडतं, साचा एकदाही दिसत नाही. म्हणजे काम रंगमंचावर आणायचं याचा अर्थ यंत्रं आणून ठेवायची असा नाही. कामामुळे माणसाला काय करता येतं आणि काय करता येत नाही, यावर कथानकाचा सांधा बसायला हवा.

ब्रिगहाउसच्या ‘हॉब्सन्स चॉइस’मध्ये तो सांधा डोळ्यांना दिसतो. सॉलफर्डमधलं बुटांचं दुकान. वर मालक आणि त्याच्या मुली, खाली तळघरात बूट शिवणारे कारागीर. एक श्रीमंत गिऱ्हाईक बाई येते आणि माझे हे बूट कुणी शिवले ते सांगा म्हणते. जमिनीतली झडप उघडते आणि विल मॉसप नावाचा घाबरलेला माणूस वर येतो. त्याला वाटतं, तक्रार आली. बाई त्याचं कौतुक करते, आपलं कार्ड देते. मालकाच्या थोरल्या मुलीला, मॅगीला, त्याच क्षणी कळतं की हे दुकान कुणाच्या हातांवर चाललंय, आणि पुढचं सगळं नाटक त्या ज्ञानातून निघतं. कौशल्य हे इथे कथानक पुढे ढकलणारं बळ आहे. आपल्याकडे कष्टकऱ्याचं दुःख रंगवताना त्याचं कौशल्य हटकून गळतं. हातात कला असलेला माणूस दयेला पात्र वाटत नाही, आणि आपल्याला दया दाखवायची सवय लागलेली आहे.

आपल्या रंगभूमीकडे वळलं की पहिलंच नाव जोतीरावांचं येतं. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहिलं. एका कुणबी जोडप्याला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, त्याच्यासाठी त्यांना खर्चात आणि कर्जात उतरावं लागतं, आणि शेवटी ती दोघं शिकायचं ठरवतात, तेही जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेलं आणि तिथून परत आलं. छापून वाचकांसमोर यायला त्याला १९७९ उजाडावं लागलं. सव्वाशे वर्षं! राबणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवणारं मराठीतलं हे पहिलंवहिलं नाटक ‘विष्णुदास ते देवल’ या आपल्या पाठ केलेल्या वंशावळीत बसलंच नाही. ते त्या काळी खेळलं गेलं असतं तर मराठी नाटककारांना कसा पूर्वज मिळाला असता, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

मधला काळ कोरा नव्हता. मामा वरेरकरांनी १९३० च्या दशकातच मुंबईच्या गिरणी कामगारांवर ‘सोन्याचा कळस’ लिहिलं. १९४३ मध्ये मुंबईत इप्टा स्थापन झाली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. त्यांनी तमाशाच्या वगाला कामगाराची भाषा आणि कामगाराचा शत्रू दिला. त्याच गिरणगावात खुद्द कामगारांनीही नाटकं केली, पुष्कळ केली. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, परळचं दामोदर नाट्यगृह, गणेशोत्सवाचे मांडव, कोकणातून आलेल्या मंडळींची नमनं आणि दशावतार हे सगळं पाळ्या सांभाळून चालायचं. रातपाळी करून आलेला माणूस दुपारी तालमीला उभा राहायचा. फक्त तो उभा राहायचा तो बहुधा राजा म्हणून, सरदार म्हणून किंवा पुण्यातल्या कुण्या प्राध्यापकाच्या भूमिकेत. दिवसभर ज्या साच्यावर तो उभा होता त्यावरचं नाटक त्याच्या हाती कुणी फारसं दिलं नाही.

दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकानं मोठी झेप घेतली. त्या काळाबद्दल मला आदर आहे. तरी ते सभागृह आणि गिरण्या यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर होतं, आणि ते अंतर फार थोड्या नाटकांनी ओलांडलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या संपानं उद्ध्वस्त केलेलं घर पूर्ण ताकदीनं रंगमंचावर आलं ते पंधरा वर्षांनी, जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये, १९९७ साली. लालबागच्या चाळीतली एक खोली, आई, चार मुलं. पवार गिरणगावातच वाढलेले. त्यामुळे त्या खोलीत पाय कुठे पसरता येतात आणि कुठे नाही, हेदेखील त्यांच्या संवादांत उतरलं. काम हिरावलं गेल्यावर माणसं एकमेकांना कशी ओरबाडतात हे त्या नाटकाइतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रामू रामनाथन यांनी २००६ मध्ये ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ लिहिलं, सुनील शानबाग यांनी ते केलं. त्यातही मागे वळून पाहणारे जुने गिरणी कामगार आहेत. दोन्ही मोलाची नाटकं. दोन्ही काम संपल्यानंतरची. भोंगा वाजत होता, त्रासनखात्यात तंतू हवेत उडत होता, साळखात्यात दोन माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून बोलत होती, बदली कामगार सकाळी दारावर आज काम मिळेल का म्हणून ताटकळत होते, तेव्हाचं नाटक आपल्याजवळ जवळपास नाही. गिरणी आपण तिच्या मरणानंतर पाहायला लागलो.

हीच चूक आज पुन्हा होते आहे, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. जी कामं आज चालू आहेत त्यांवर आज लिहायला हवं.

काम रंगमंचावर कसं आणायचं, या तांत्रिक प्रश्नावर थोडं थांबतो, कारण सहानुभूती असलेले लेखक इथेच अडखळतात. अर्नल्ड वेस्करनं हॉटेलांच्या भटारखान्यात काम केलं होतं. त्याचं ‘द किचन’ १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टला झालं. एका मोठ्या रेस्टॉरंटचा भटारखाना, देशोदेशीचे आचारी, वेट्रेस. खरं अन्न वापरायचं नाही ही लेखकाची अट. सगळं हातांच्या हालचालींतून दाखवायचं. दुपारच्या जेवणाची घाई सुरू होते, ऑर्डरी वाढत जातात, वेग वाढत जातो, आणि पहिल्या भागाच्या अखेरीस प्रेक्षकालाच धाप लागते. त्या वेगानं माणसाच्या स्वभावाचं काय होतं ते संवादांत सांगावं लागत नाही. शेवटी भटारखान्यात मोडतोड होते आणि मालक विचारतो की मी यांना काम देतो, पगार देतो, खायला देतो, आणखी काय हवंय? लेखक उत्तर देत नाही. डेव्हिड स्टोरीच्या १९६९ च्या ‘द कॉन्ट्रॅक्टर’मध्ये तर याहून साधी गोष्ट आहे. लग्नासाठी मोठा तंबू उभारायला मजूर येतात. दोन अंकांत ते रंगमंचावर खराखुरा तंबू उभारतात, तिसऱ्यात तो काढतात. लग्न आपल्याला दिसतच नाही! दोर ताणणं, खुंट्या ठोकणं, मधली टिंगलटवाळी, कुणाच्या जखमेवर नेमकं बोट ठेवणं, हे सगळं काम करता करता. आपल्या नाटकांत लग्न दिसतं आणि मांडववाले दिसत नाहीत. स्टोरीनं उलट केलं आणि त्याचं नाटक उभं राहिलं.

याच्या दुसऱ्या टोकाला उत्पल दत्तांचं ‘अंगार’ आहे. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात १९५९ मध्ये लिटल थिएटर ग्रुपनं ते केलं. कोळशाच्या खाणीत माणसं अडकलेली, आत पाणी सोडलेलं, आणि तापस सेन यांच्या प्रकाशयोजनेनं ते पाणी रंगमंचावर चढताना दिसायचं. भारतीय रंगभूमीच्या इतिहासातला तो मोठा चमत्कार. तरी आज त्या नाटकाची आठवण निघते ती पाण्याची निघते. खाणीत रोज कोळसा कसा फोडतात, कुणाला किती मजुरी मिळते हे कुणी सांगत नाही. अपघात दाखवणं तुलनेनं सोपं असतं. रोजचा दिवस दाखवणं कठीण, आणि कष्टकऱ्यांचं बहुतेक आयुष्य रोजच्या दिवसातच जातं.

आता आपल्याकडचं एक काम घेतो आणि त्यात नाटक कुठे दडलंय ते पाहतो. ऊसतोड. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. निघण्याआधी मुकादम उचल देतो. उचल कोयत्याला मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेबाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं. जोडी नसेल तर कोयता नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईनं लग्नं उरकली जातात. नवरी मुलगी असते, बाई व्हायची असते. उचल घेतलेल्या दिवशीच बरीचशी संपलेली असते, जुन्या देण्यात, आजारपणात, त्याच लग्नात. म्हणजे पडदा उघडतो तेव्हा पैसा खर्च झालेला आहे आणि काम अजून सुरूही व्हायचं आहे. नाटककाराला याहून घट्ट रचना कोण देणार? इथे माणसं भविष्याकडे जात नाहीत, मागचं देणं फेडत जातात.

पहाटे अंधारात फडात उतरायचं. तोडायचं, पाचट काढायचं, वाढं वेगळं करायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. राहायला कोपी. लहान पोर फडाच्या कडेला, थोरलं तिच्यावर लक्ष ठेवायला, म्हणजे त्याची शाळा बुडाली. जोडीतल्या एकाला उठता आलं नाही तर खाडा पडतो. मजुरी जाते आणि वर दंड बसतो. बाईला पाळीच्या दिवसांतही खाडा करता येत नाही, कारण खाडा दोघांचा पडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, शासनानं चौकशी समिती नेमली, काही आठवडे वर्तमानपत्रं भरली. बातमीनं शस्त्रक्रिया सांगितली. नाटकानं वही दाखवावी: खाड्याचा रकाना, उचलीतली बाकी, आणि त्या दोन आकड्यांच्या मधोमध एका तिशीतल्या बाईचा निर्णय. तो निर्णय डॉक्टरच्या खोलीत होत नाही. तो कोपीत, चुलीपुढे, नवऱ्याशी हिशेब करताना होतो, आणि नवराही त्या घडीला राक्षस नसतो. मुकादमही नसतो. तो बहुतेक वेळा त्यांच्याच गावचा, कदाचित नात्यातला. त्यानंही वरून पैसा उचललेला असतो आणि टोळी पळाली तर त्याचं घर बुडणार असतं. त्यानं कुणाला रात्रीतून पळू द्यायचं आणि कुणाला अडवायचं, हा एक अंकच्या अंक आहे. खलनायक शोधायची घाई न करणाऱ्या लेखकासाठी इथे सगळं तयार पडलेलं आहे.

एवढं एकाच कामातलं. डोक्यावर पोती वाहणारा माथाडी, ज्याच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि ज्याच्या मुलाला आता त्या कायद्याबाहेरच्या गोदामात कंत्राटानं काम मिळतं. हॉटेलाबाहेर ऑर्डरची वाट पाहत उभा असलेला डिलिव्हरीवाला, ज्याच्या थांबण्याला मोल नाही आणि ज्याचा साहेब मोबाइलच्या पडद्यावर राहतो. चार घरांत स्वयंपाक करणारी आणि चारही घरांची मिठाची चव लक्षात ठेवणारी बाई. या प्रत्येकाच्या कामाला स्वतःचं वेळापत्रक आहे, स्वतःची लय आहे आणि अपमान गिळायची स्वतःची रीत आहे. लेखकानं ती शोधायला वेळ द्यावा लागेल, आणि संस्थेनं लेखकाला त्या वेळाचे पैसे द्यावे लागतील.

अशा नाटकांना प्रचारकी म्हटलं जाईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. घोषणांखाली गुदमरलेली नाटकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. परंतु प्रचाराला उतारा मौनाचा नसतो, तपशिलाचा असतो. जन नाट्य मंचानं १९७८ मध्ये केलेलं ‘मशीन’ हे उघडउघड बाजू घेणारं पथनाट्य. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहापाण्यासाठी उपाहारगृह मागितलं. गोळीबार झाला, सहा कामगार मेले. सफदर हाशमी आणि मंडळींनी त्यावर जेमतेम तेरा मिनिटांचं नाटक उभं केलं, आणि त्यात नटांच्या शरीरांतूनच यंत्र तयार केलं. ते चालतं, मग थांबतं. सायकल ठेवायची जागा! मागणी इतकी छोटी आहे म्हणून ते नाटक टिकलं. एखाद्या महान ध्येयासाठी माणसं मेली असं दाखवलं असतं तर ते पहिल्याच वर्षी विसरलं गेलं असतं.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे: हे लिहिणार कोण, करणार कोण? ज्यानं कधी मोळी उचलली नाही त्यानं मोळीवर लिहू नये, असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. कष्टकऱ्यांच्या वतीनं फार काळ दुसरेच बोलत आले. या प्रश्नाची दोन चांगली उत्तरं आपल्याच रंगभूमीनं एकाच वर्षी दिली. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ पुणे महानगरपालिकेच्या कामगार युनियनमधल्या सफाई कामगारांना घेऊन केलं. शहर झाडणाऱ्या माणसांनी जोतीराव-सावित्रीबाई उभे केले आणि त्या संवादांना वेगळंच वजन आलं. त्याच वर्षी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. मूळ कल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि नट जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे, शेती करणारे. ते नाटक गावोगाव गाजलं, शहरांत हाउसफुल झालं. कष्टकऱ्यांकडे अभिनय नाही, उच्चार नाहीत, शिस्त नाही असं मानणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळालं. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्यात कामगारांनी इतिहास उभा केला, दुसऱ्यात शेतकऱ्यांनी शिवाजी महाराजांच्या वारशाचा वाद उभा केला. सफाई कामगाराच्या पहाटेवरचं, हजेरीच्या कोठीवरचं नाटक त्याच नटांनी करायचं अजून बाकी आहे. माझ्या कल्पनेतल्या हंगामात निदान दोन नाटकं अशी असावीत ज्यांत तो धंदा करणारी माणसं तालमीच्या पहिल्या दिवसापासून बरोबर आहेत, आणि एखादा हातवारा चुकला तर ‘असं नाही धरत’ म्हणून नटाला थांबवण्याचा त्यांना अधिकार आहे. जन्म लेखकाला अनुभव देतो, सहानुभूती त्याला वाट दाखवते. नाटकाला दोन्ही लागतात आणि वर कसबही लागतं.

या सगळ्याची सुरुवात मात्र संस्थेनं स्वतःच्या घरापासून करावी. नाटकाच्या दुनियेत एक कामगारवर्ग आहे ज्याला आपण रंगमंच कामगार म्हणतो. तो प्रयोगाआधी काही तास येतो, टेम्पोतून सेट उतरवतो, लेव्हल लावतो, फ्लॅट बांधतो, लाइट चढवतो, अंधारात टेबल सरकवतो, आणि प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत सगळं पुन्हा टेम्पोत भरतो. त्याचा हिशेब नाइटवर. प्रयोग रद्द, तर नाइट गेली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा या माणसांच्या घरी काय झालं हे नाट्यक्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मदतीचे डबे आणि धनादेश दिले गेले, ते देणाऱ्यांनी मनापासून दिले, आणि नाट्यगृहं उघडल्यावर नाइटचा हिशेब होता तिथेच राहिला. कष्टकऱ्यांवरची सहा नाटकं ज्यांच्या खांद्यांवरून रोज चढणार-उतरणार त्यांना वर्षभराचा ठरलेला पगार आणि आठवड्याची सुट्टी नसेल, तर मला ती नाटकं पाहायची नाहीत. गेटीची कंपनी कायमच्या संचावर उभी होती. वर्षाचा हंगाम आखला की वर्षाचा पगार आखता येतो. सुट्या प्रयोगांवर जगणाऱ्या निर्मात्याला ते जमत नाही, हेही हंगामाच्या बाजूनं बोलणारं कारण आहे.

राहिला प्रेक्षक. तिकीट काढणारा मध्यमवर्ग हे पाहायला येईल का, अशी शंका निर्मात्यांना असते. तो येईल. बँकेत टार्गेटखाली वाकलेला, रविवारी नाट्यगृहातही साहेबाचा फोन घ्यायला बाहेर जाणारा माणूस कामाच्या जाचाला अनोळखी नाही; त्याच्यावरचं एक नाटकही या सहांत असायला हवं. ज्यांच्यावर ही नाटकं आहेत त्यांनी येणं अधिक कठीण, आणि तिथे तिकिटाच्या दरापेक्षा वेळ आडवी येते. जोतीरावांनी आपल्या कुणबी जोडप्याला रात्रीच्या शाळेत पाठवलं, कारण दिवस त्यांचा नव्हता. संस्थेनं प्रयोगांच्या वेळा त्या-त्या धंद्याला विचारून ठरवाव्यात. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी दोन-तीन तास मिळतात. त्यांच्यावरचं नाटक तेव्हा आणि त्यांच्या वस्तीजवळच्या सभागृहात लावावं. सफाई कामगारांची पाळी दुपारी सुटते, त्यांना संध्याकाळ लवकरची हवी. ऊसतोडीचं नाटक डिसेंबरात पुण्याला उघडू नये. तेव्हा ती माणसं फडात असतात. कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, टोळ्या गावी परतल्यावर, उन्हाळ्यात त्याचे पहिले प्रयोग पाटोदा, धारूर, शिरूर कासारला करावेत. पुढच्या उचलीचे सौदे सुरू व्हायच्या आत ते तिथल्या बायकांनी पाहिलेलं असावं, आणि पुण्या-मुंबईच्या तारखा त्यानंतर घ्याव्यात.